ब्रेक सुटला की पगार सुरू

१२ जानेवारी

प्रिय कॅप्टन,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतंय. हरकत नाही. पत्र उचलावं लागत नाही, ते नुसतं येऊन पडतं. टकलू उद्या सकाळचं विमान घेऊन तुमच्या तळावर येणार आहे, तो हे पाकीट तुझ्या खोलीवर आणून देईल. पोस्टापेक्षा तुझा हा मित्र बरा. तिकीट लागत नाही, वाटेत हरवत नाही, फक्त बोलतो फार.

खोलीवर म्हणजे त्या दुमजली पलंगांच्या खोलीवर. घर एका गावात आणि नोकरीचा तळ दुसऱ्या गावात, अशा तुम्हा वैमानिकांनी मिळून भाड्याने घेतलेली ती खोली मी एकदाच पाहिली आहे. लोकांना वाटतं, वैमानिक म्हणजे कायम मोठं हॉटेल आणि मऊ गादी. त्यांना एकदा दोरीवर वाळणाऱ्या तुमच्या सगळ्यांच्या पांढऱ्या शर्टांखाली झोपवायला हवं. पण तेव्हा तू तिथे ड्यूटीसाठी राहायचास. आता चौकशी संपेपर्यंत तुला विमानाला हात लावायचा नाही. मग तिथे बसून करतोस काय? घर इथे आहे, तुझी पोरगी इथे आहे, मीही असते अधूनमधून.

बरं, बातमी. परवा घरमालक आले होते. हातात घडी घातलेला पेपर. "अभिनंदन वहिनी," म्हणाले, खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि पेपर उलगडून माझ्यासमोर धरला. 'वैमानिकांच्या पगारात घसघशीत वाढ.' शेजारी कुणातरी गोऱ्यागोमट्या कॅप्टनचा हसरा फोटो, तो तुमच्या कंपनीतला वाटत नव्हता. मग म्हणाले, पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवतोय.

मी म्हटलं, "अहो, ही वाढ चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळायची आहे. पहिला हप्ता अजून हातात नाही."

"पेपरात तसं लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, तासाचा दर वाढला पण उडायचे तास कमी झाले, निम्मी विमानं सुट्या भागांवाचून उभी आहेत, हातात पडतं ते जवळपास तेवढंच. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "महागाई किती वाढली आहे बघता ना तुम्ही?" म्हणजे महागाई त्यांना आणि वाढ आपल्याला. गणिताच्या शिकवणीच्या बाईंनीही तोच पेपर वाचलेला दिसतो, त्यांनीही फी वाढवली. पेपरातला तुझा पगार आपल्या घरी पोचायच्या आधीच सगळ्यांनी आपापसात वाटून घेतला.

त्या गोष्टीबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही. तू म्हणशील तेव्हा बोलू. ज्याचा पाय तुझ्या विमानाच्या चाकाखाली आला तो माणूस इथल्याच सरकारी दवाखान्यात आहे, एवढं सगळ्या इमारतीला माहीत आहे. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी हवापाण्याबद्दल बोलतात, फार जपून.

आपल्या घरच्या बाईसाहेबांनी शाळेत विज्ञानात बक्षीस मिळवलं. तुला सांगायचं नाही असा त्यांचा हुकूम आहे, कारण तू फोन केला नाहीस. तेव्हा हे तुला माहीत नाही.

तुझी मास्तरीण


२० जानेवारी

कॅप्टन,

टकलूने तुझा निरोप आणला. "तिला सांग, सगळं ठीक होईल." मी त्याला विचारलं, एवढंच? तर तो बिचारा आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "वहिनी, तो फारसं बोलत नाही हल्ली. पलंगावर पडून असतो. जेवायला आम्ही ओढून नेतो."

काल बाईसाहेबांनी भाजी निवडता निवडता विचारलं, "बाबाला पगार कसा मिळतो गं?" शाळेत कुणीतरी काहीतरी बोललं असणार. मी म्हटलं, टॅक्सीच्या मीटरसारखा. विमानाचं दार लागलं आणि ब्रेक सुटला की मीटर चालू. पोचून ब्रेक ओढला की बंद. त्याआधी तासभर विमान तपासायचं, कागद बघायचे, प्रवासी चढेपर्यंत थांबायचं, धुकं हटायची वाट बघायची, ते सगळं फुकट.

"फुकट?"

"फुकट."

"म्हणजे बाबा तिथे बसलेला असतो, टोपी-बिपी घालून, आणि तरी पैसे नाहीत?"

"नाहीत."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मग कुणी मुद्दाम लवकर ब्रेक सोडत असेल."

तेरा वर्षांची पोरगी एका मिनिटात तिथे पोचली. मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि उठले. गॅसवर दूध नव्हतंच.

मला ठाऊक आहे, सगळेच करतात. चाकाखाली ठोकळे असतात, ब्रेक सुटला तरी विमान हलत नाही, कुणाचं काही जात नाही, आणि उभ्याउभ्या पंधरा-वीस मिनिटं पदरात पडतात. तू कित्येक वर्षं केलं नाहीस. टकलू तुला सोवळा म्हणून चिडवायचा. मग भाडं वाढलं, मग गाडीचा विमा, मग मी शिकवते त्या ड्रायव्हिंग स्कूलचे शिकाऊ कमी झाले कारण पेट्रोलचा खर्च आम्ही फीत घातला. एकदा तू आल्याआल्या बूट काढताना म्हणालास, "आज मीही मीटर लवकर टाकला." मी हसले होते. आठवतंय ना? मी चक्क हसले होते.

आणि मागच्या वर्षी कराराच्या वेळी तू संघटनेच्या सभेत उठून म्हणाला होतास की टक्के नकोत, ड्यूटीवर हजर झाल्यापासून पगार मागा. कुणी ऐकलं नाही. टक्के पेपरात छापायला बरे दिसतात. तू विरुद्ध मत दिलंस आणि हरून घरी आलास, आणि आता त्याच टक्क्यांबद्दल लोक तुझ्या बायकोचं अभिनंदन करतात.

त्या संध्याकाळी विमानतळावरून तू फोनवर मला जे एक वाक्य बोललास ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वकिलाला नाही, टकलूला नाही. तू त्यानंतर माझ्याशी बोललेला नाहीस. दोन्हींचा संबंध असेल असं मला वाटायला लागलं आहे.

त्या माणसाला मी पाहिलेलं नाही आणि पाहायचं कारणही नाही. इथे कामाचा व्याप फार आहे.

मास्तरीण


३ फेब्रुवारी

कॅप्टन,

मागच्या पत्राच्या शेवटी मी खोटं लिहिलं. तेव्हाच मी दोनदा दवाखान्यात जाऊन आले होते, आणि आता आठवड्यातून तीन-चार वेळा जाते. दुपारचे शिकाऊ संपले की गाडी तिकडे वळते. पहिल्यांदा गेले ती दयामाया म्हणून नाही. किती लागलंय ते एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणजे मनात जे दिसतं त्यापेक्षा कमी निघेल, असं वाटलं होतं. कमी निघालं नाही. डावा पाय घोट्यावरून काढला आहे.

विमानतळावर त्याला सगळे मामा म्हणतात, आता मीही म्हणते. त्याची बायको उशाशी स्टुलावर बसलेली असते, तिला मामी. तिने विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, "विमानतळावरचीच. घरचं माणूस आहे तिथे." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी मला घाम फुटला.

मामा बोलका आहे, शिवाय किरकिऱ्या. उशी दगडासारखी, चहा म्हणजे कोमट पाणी, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घोरतो. दोन्ही मुलांनी येऊन काय दिवे लावले ते सांगतो. मी संत्री नेली तर म्हणाला, "आंबट निघाली." दुसऱ्या दिवशी मामी म्हणाली, सगळी त्यानेच संपवली.

परवा म्हणाला, "तुमच्या त्या वैमानिकांचा पगार वाढला म्हणे. वाढू दे बापडा. आमचं बरं आहे, ठोकळा लावला तरी तेवढाच पगार, काढला तरी तेवढाच."

मी विचारलं, नक्की झालं काय. विचारायला नको होतं.

"काही नाही हो. चाकाखालचा ठोकळा तिरका बसला होता. काढून नीट लावत होतो. एवढाच वेळ." त्याने चिमूट दाखवली. "आणि विमान आलं की पुढं. हातभर. ब्रेक सुटला असणार."

"तुम्ही ब्रेक सोडायची खूण केली होती?"

"तेच आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, असं होतं. काही जण पैशांसाठी ब्रेक लवकर सोडतात, आम्हाला काय माहीत नाही होय? पण हे साहेब तसले नव्हेत. खाली उतरले की थांबून विचारायचे, मामा, कंबर कशी आहे. ते कशाला उगाच ब्रेक सोडतील? माझाच हात वर गेला असणार. इतक्या वर्षांची सवय, जातो हो आपोआप." आणि त्याने पांघरुणातून उजवा हात काढून वर केला, परत खाली घेतला, परत वर केला. बघत राहिला त्याच्याकडे, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

मामी मला बाहेरच्या बाकड्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, खूण यांनी केली असेल तर चूक यांची, मग हातावर थोडेफार टेकवतील आणि नोकरी जाईल. खूण केली नसेल तर चूक वैमानिकाची, मग जन्मभर दरमहा पैसे मिळतील. "आणि हे म्हणतात, केली असेल. कशाला म्हणतात हो?"

तुझ्या शेजारी बसलेली सहवैमानिक पोरगी तेव्हा मान खाली घालून आकडे भरत होती, तिने पाहिलं नाही. यंत्रात फक्त ब्रेक किती वाजता सुटला तेवढं उमटतं. म्हणजे त्याचा हात वर गेला की नाही हे जगात एकाच माणसाला माहीत आहे. आणि त्याने ते एकाच माणसाला सांगितलं आहे. "त्याचा हात वर गेला नव्हता. मी आपला मीटर टाकला." हेच म्हणालास ना तू?

मी आज ते कागदावर लिहिलं कारण मला एकटीला ते वाहवत नाही. पत्र वाचून फाडून टाक, हवं तर. पण मला उत्तर दे.

मास्तरीण


१५ फेब्रुवारी

तुझं पत्र आलं. आठ ओळी. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर पाहून मी वेड्यासारखी खूश झाले आणि मग वाचलं.

तू लिहितोस, वकिलाला मी दवाखान्यातलं सांगितलं. तू लिहितोस, मामा स्वतःच म्हणतोय की खूण केली असेल, मग मी तसं म्हटलं तर कुणाचं खोटं ठरत नाही. तू लिहितोस, भाड्याचं तूच कळवलंस, बाईसाहेबांच्या शिक्षणाचा विचार कर, परवाना गेला तर या वयात मला दुसरं काय येतं. आणि शेवटी, तू तिथे जाणं बंद कर, वकील म्हणतात ते बरं दिसत नाही.

अरे, मामाला आठवत नाही हे तुला कुठून कळलं? माझ्या पत्रातून. तोपर्यंत तुझ्या वकिलाच्या हातात काही नव्हतं. तू पलंगावर पडून होतास, जेवत नव्हतास, आणि मला खात्री आहे, खरंच सांगून टाकायच्या बेतात होतास. मी तुला मामाचा हात लिहून पाठवला तो तुझ्या पोटात कालवावं म्हणून. तू तो उचललास आणि वकिलाच्या टेबलावर ठेवलास. गेले दोन दिवस मी शिकाऊंवर खेकसते आहे. एका बाईला रडवलं, मग मीही रडले, दोघी रस्त्याच्या कडेला गाडीत बसून.

तू मला मास्तरीण म्हणायला का लागलास ते आठव. आमच्या स्कूलमध्ये एक लांबलचक माणूस आला, म्हणाला, मी विमान चालवतो पण मला गाडी येत नाही. मालक इतके हसले की त्यांचा चहा सांडला. आणि तू गाडीत बसून आधी आरसे, मग पट्टा, मग परत आरसे, प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हणत तपासायचास. मागचे हॉर्न मारून मारून थकायचे. मी म्हणायचे, "अहो साहेब, निघा आता." तू म्हणायचास, "मागे कोण उभं आहे ते बघितल्याशिवाय मी ब्रेक सोडत नाही." त्या वाक्यावर मी तुझ्याशी लग्न केलं. आईला सांगितलं होतं, हा माणूस कुणाच्या पायावरून गाडी नेणार नाही. ते मी अगदी याच शब्दांत म्हटलं होतं, काय करू.

सुनावणी २४ तारखेला आहे. तू जे मला सांगितलंस तेच तिथे सांग. परवाना जाईल, जाऊ दे. मी संध्याकाळचे शिकाऊ घेईन. हे घर सोडू. शिकवणी बंद करू, गणित मी घेईन, मला जमेल तेवढं. तू आमच्या स्कूलमध्ये ये, तुझ्यासारखा मास्तर त्यांना मिळायचा नाही. हसू नकोस, मी खरंच मालकांना विचारलं आहे. मला गरिबीची भीती वाटते, नाही असं नाही. फार वाटते. परवा दुकानात तेलाची बाटली हातात घेतली, किंमत बघितली आणि परत ठेवली, आणि बाईसाहेबांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. पण ते आपण निभावू. दुसरं निभावणार नाही.

मी तिथे जाणं बंद करणार नाही.


२५ फेब्रुवारी

घरच्यांना आत सोडत नाहीत, म्हणून मी समोरच्या फुटपाथवर गाडी लावून बसले होते. तू मला पाहिलंस. पाहून घड्याळात बघितलंस.

आत काय झालं ते टकलूने येऊन सांगितलं. तू म्हणालास, "खूण दिसली, म्हणून ब्रेक सोडला." मामाला विचारलं. तो म्हणाला, "साहेब म्हणतात तर केली असेल." लगेच उरकलं, टकलू म्हणाला, सगळ्यांना जेवायला जायचं होतं. तो हे सांगत होता तेव्हा घरात शिरलाच नाही, उंबऱ्यातच उभा राहिला. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला, "वहिनी, मला विचारू नका. मीही मीटर लवकर टाकतो."

पण जे मी स्वतः पाहिलं ते टकलूने पाहिलं नाही. तू वकिलाबरोबर पायऱ्या उतरलास. गणवेश कडक इस्त्रीचा, तो तू स्वतः केला असशील. पायऱ्यांच्या बाजूच्या उतारावरून मामीने मामाला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. उतार जास्त होता, तिला खुर्ची आवरत नव्हती, तू पुढे होऊन धरलीस. तेवढा क्षणभर मला वाटलं, आता सांगेल, आता इथे तरी सांगेल.

मी काच खाली केली होती. मामाने तुझ्यापुढे हात जोडले. म्हणाला, "साहेब, माफ करा हं. माझ्यापायी तुमच्यावर आलं होतं सगळं."

आणि तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. "असू दे मामा," म्हणालास. "असू दे."

इतक्या वर्षांत तू मला कधी किळसवाणा वाटला नव्हतास. मला ते लिहायचं नव्हतं. पण दुसरा शब्द सापडत नाही, आणि तुझ्याशी खोटं बोलून मला कंटाळा आला आहे. वाईट याचं वाटतं की तुझा तो हात खरा होता. तुला खरंच वाईट वाटत होतं. मी तुला ओळखते.

नंतर मी गाडी काढायला गेले तर नवशिक्यासारखी तीनदा बंद पाडली. शिकाऊंना मी सांगते, अशा वेळी उतरून चालत जा. चालत घरी आले.


३० मार्च

कॅप्टन,

पैसे आले. वाढीचा पहिला हप्ता, बंदीच्या काळाचा थकलेला पगार, सगळं एकदम. एकदाचं पेपरात लिहिलं होतं तसं दिसलं. टकलू म्हणाला, तू परत उडायला लागलास आणि तुझं काम उत्तम चाललं आहे. मी त्या पैशांना हात लावलेला नाही. ते तुझ्या आणि बाईसाहेबांमधलं आहे, तुम्ही ठरवा.

आम्ही घर सोडलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या वर दोन खोल्या आहेत, मालकांनी त्या दिल्या. खिडकीखाली दिवसभर नवशिके गिअर खरवडतात. सगळ्यांनी विचारलं, का सोडलंत? मी म्हटलं, भाडं परवडत नाही. एकालाही शंका आली नाही. घरमालकही म्हणाले, "खरं आहे वहिनी, दिवसच तसे आहेत," आणि नव्या भाडेकरूकडून आणखी जास्त घेतलं. महागाईचा हा एक उपयोग मला माहीत नव्हता, की तिच्या मागे माणसाला काहीही लपवता येतं.

बाईसाहेबांनाही तेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाबाचा पगार वाढला तो?" या वेळी मी दूध उतू गेलं असं म्हटलं नाही. म्हटलं, "सांगीन. आधी दुसऱ्या एका माणसाला सांगायचंय."

मामाची नोकरी गेली हे तुला कळलं असेल. हातावर जे टेकवलं ते औषधांत गेलं. आता त्याला गाडी शिकायची आहे, घरोघरी सामान पोचवायचं काम मिळतंय म्हणून. आमच्याकडे एक बिनक्लचची गाडी आहे, तिला डावा पाय लागत नाही. मी शिकवते. शिकवताना मला कळलं की तो गाडी लगेच हलवत नाही. सगळं नीट करतो, आरसा, पट्टा, आणि ब्रेक सोडायच्या आधी उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरतो. मी म्हटलं, "मामा, हे काय?" म्हणाला, "बघतोय, आपोआप वर जातो का. या हाताचा भरवसा नाही राहिला, मास्तरीणबाई. उद्या रस्त्यात कुणाला मारायचा." रोज हेच. मामी म्हणते, घरीही जेवता जेवता हाताकडे बघत बसतो. एकदा त्याने तो हात खाटेच्या कडेवर आपटून घेतला.

गेल्या मंगळवारी सकाळी मी त्याला मैदानाशेजारी गाडी थांबवायला लावली आणि सांगितलं. आधी हे सांगितलं की मी कुणाची बायको आहे. तो म्हणाला, "ते मला केव्हाचं ठाऊक आहे. मामीने विमानतळावर विचारलं होतं. मला वाटलं, चांगलं माणूस आहे, येतं बिचारं." मग मी सांगितलं, मामा, तुमचा हात वर गेला नव्हता. आमच्या साहेबांनी त्याच संध्याकाळी मला सांगितलं होतं.

मला वाटलं, तो ओरडेल. मला शिव्या देईल, तुला देईल. मी त्यासाठी तयार होते, खरं तर मला ते हवं होतं. त्याने फक्त विचारलं, "नक्की?"

मी म्हटलं, "नक्की."

त्याने चावी फिरवून गाडी बंद केली. समोर काही नव्हतं, एक कुत्रं झोपलं होतं. मग त्याने तो उजवा हात डाव्या हातात घेतला आणि मांडीवर ठेवला, हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तसा. आणि रडला. पाय गेला तेव्हा रडला नव्हता, मामी म्हणाली होती. मी काच वर केली आणि बाहेर बघत बसले.

चौकशी पुन्हा उघडा असा त्याने अर्ज केला आहे. त्यात माझी साक्ष लागणार आणि मी ती देणार आहे. बायकोचा शब्द किती धरतील, माहीत नाही. पण ते वाक्य, तू ते फोनवर बोललास तो दिवस, ती वेळ, सगळं मी सांगणार. हे तुला वकिलाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. टकलूने पाकीट घेताना विचारलं, "यात काय आहे?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तरी नेतो."

त्या अर्जावरची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तू माझ्याआधी बोलू शकतोस. मग मला काही बोलावं लागणार नाही. मी तुझ्या बाजूने तिथे उभी राहीन, आणि त्यानंतर जे काही राहील ते आपण या दोन खोल्यांत बसवू.

बाईसाहेबांनी आज विचारलं, बाबा कधी येणार. मी म्हटलं, त्याला विचारून सांगते.

विचारते आहे.